निम्मी तलफ

भाऊबीजेला उज्ज्वला पोवारनं धाकट्या भावाकडे साडी मागितली नाही, की पैसे मागितले नाहीत. तिनं रणजितला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि ताट तसंच त्याच्यासमोर धरून म्हणाली, विडी दे. रणजितनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि खिशातलं बंडल काढून ताटात ठेवलं. मागोमाग काडेपेटीही ठेवली. त्याची बायको स्नेहल दारात उभी होती. तिला भरून आलं होतं, पण तोंडानं ती एवढंच म्हणाली की आठव्यांदा सोडताय, आता तरी सोडा.

सात वेळा सोडून झाली होती खरी. बडीशेप झाली, गोळ्या झाल्या, जोतिबाच्या पायरीवरची शपथ झाली. सिगारेटी बंद होऊन चार वर्षं उलटली होती, पण विडी कायद्याच्या कुठल्याशा फटीतून सुटली होती आणि रणजितच्या हातून ती काही सुटत नव्हती. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीवर होता. पूर्वी लोखंडाचा रस माणसं ओतायची, आता यंत्रं ओतायची आणि रणजित काचेआड बसून त्यांच्यावर नजर ठेवायचा. काम हलकं झालं तेव्हा छाती संपत आली होती. बावन्नाव्या वर्षी तो घराच्या जिन्यात दोनदा थांबायचा आणि थांबल्यावर बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग करायचा.

डॉक्टर बेनझीर मुजावर यांनी त्याला नवा उपाय सांगितला होता. पेशंटच्याच छातीतल्या चार चांगल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि फुप्फुसात परत नेऊन लावायच्या. शेतात भाताची रोपलावण करतात ना, तसंच, असं त्या म्हणाल्या. पण लावणीआधी एकशेवीस दिवस छातीत धूर जाता कामा नये. ताज्या धुरानं पोळलेल्या जागी नवी पेशी मूळ धरत नाही. ती कुजते, आजूबाजूला सूज येते आणि जे धड आहे तेही जातं. रणजित निकोटिनच्या पट्टीवर असल्यामुळे रक्ताच्या तपासणीतून काही कळणार नव्हतं आणि श्वासातली धुराची खूण तर दिवसभरात पुसली जाते. तेव्हा पेशंट खरं बोलतोय का, हे सांगायला एकच जण उरत होता. त्याला सगळे भिडू म्हणायचे.

ही भिडूची युक्ती तेव्हा नवीनच होती. तलफ म्हणजे मेंदूतल्या एका ठरावीक भागात उठणारी लाट, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. ती चार-पाच मिनिटं चढते आणि तेवढा वेळ तग धरला तर आपोआप ओसरते. तग धरवत नाही, हीच तर अडचण. मग कुणीतरी कानामागे चिकटवायचं एक यंत्र काढलं, नखाएवढं. एक पेशंटला, एक भिडूला. पेशंटच्या डोक्यात लाट उठली की तिचा आकार टिपायचा आणि निम्मी लाट भिडूच्या डोक्यात उठवायची. ज्यानं जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही, त्याला ती नुसती अस्वस्थता वाटते. त्याचा मेंदू तिला जुमानत नाही, आणि त्याची ती शांतता त्याच वाटेनं उलट पेशंटकडे जाते. वाट दुहेरी असल्यामुळेच उपाय लागू पडायचा. लोकांनी त्या यंत्राचं नाव टिकली ठेवलं. रणजितनं कानामागे टिकली लावली म्हणून फाउंड्रीत आठवडाभर त्याची थट्टा चालली होती.

कुणाच्याही मनात काय चाललंय याची नोंद यंत्रानं ठेवायची नाही, असा कायदा नुकताच झाला होता, आणि तो चांगलाच होता. त्यामुळे पेशंटनं धूर ओढला की नाही, हे दर शनिवारी भिडूनं दवाखान्यात जाऊन तोंडानं सांगायचं, अशी पद्धत पडली होती. तुमच्या तोंडावर खरं सांगेल असंच माणूस निवडा, असं मुजावरबाईंनी बजावलं होतं.

स्नेहल तयार होती. रणजितनंच नको म्हटलं. ती घरात पोलीस हुईल, म्हणाला, आक्का बरी.

आक्का बरी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चौदाव्या वर्षी रणजितच्या शर्टाला विडीचा वास आला होता आणि वडील पट्टा काढून उभे राहिले होते. तेव्हा उज्ज्वलानं शांतपणे सांगितलं होतं की शर्ट मीच गिरणीत टांगला होता, गिऱ्हाईकं तिथं विड्या फुंकतात. ही गोष्ट घरात सगळे हसत हसत सांगायचे. मुजावरबाईंना मात्र ती कुणी सांगितली नाही.

उज्ज्वलाची पिठाची गिरणी शुक्रवार पेठेत होती. वडिलांमागे ती तिनंच चालवली. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, त्यात लग्न राहून गेलं. पहाटे उठायचं, गिरणी झाडायची, डबे ओळीनं लावायचे आणि रात्री केसांतलं पीठ झटकून झोपायचं, असा अठ्ठावन्न वर्षांच्या उज्ज्वलाचा आयुष्यक्रम होता. तिला चहाचंसुद्धा वेड नव्हतं.

पहिली लाट आली ती सकाळी पावणेसातला. गिरणीच्या तोंडात कुणाचातरी जोंधळा ओतत असताना तिला एकाएकी वाटलं, आपण काहीतरी विसरलोय, आणि ते आत्ताच्या आत्ता आठवलं नाही तर जीव जाईल. तिनं दात आवळून फोन लावला. पलीकडे रणजितचा चहा झाला होता आणि तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. दोघांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पाच मिनिटांनी तिनं विचारलं, गेली का, आणि तो म्हणाला, गेली.

दिवसातून तसे पंधरा-वीस फोन व्हायचे. हळूहळू बारा झाले, मग आठ. खरं सांगायचं तर उज्ज्वलाच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. भावाचं मन असं आपल्या मनाला लागून चालतंय, हे तिला फार आवडलं होतं. तो कुणावर चिडलाय, कुणी त्याला हसवलंय, हे तिला लाटेच्या चढउतारावरून कळू लागलं होतं. दर शनिवारी ती ठेवणीतली साडी नेसून दवाखान्यात जायची आणि अभिमानानं सांगायची, एक झुरकासुद्धा नाही.

अडतिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फाउंड्रीत रसाचं भांडं कलंडलं. रणजितचा वीस वर्षांचा सोबती बाळू चौगुले याचा पाय गुडघ्यापर्यंत भाजला. त्याला गाडीत घातलं आणि रणजित मागच्या भिंतीशी गेला.

इकडे गिरणीत उज्ज्वलाला लाट आली ती अशी मोठी की तिला फोनही लावता येईना. आणि मग ती ओसरली नाही, एकदम विरघळली. त्या जागी असं काही पसरलं की तिला खाली बसावं लागलं. गव्हाच्या पोत्याला टेकून ती बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अठ्ठावन्न वर्षं खांद्यावर कुणीतरी हात दाबून धरला होता आणि तो आज उचलला, असं तिला वाटलं. यंत्र काढणाऱ्यांनी तलफेचा विचार केला होता, तलफ भागल्यावर जे होतं त्याचा केला नव्हता. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर एक ओळ होती, की भिडूला अचानक समाधान जाणवल्यास त्याच दिवशी कळवावे.

संध्याकाळी रणजित गिरणीत आला आणि रिकाम्या डब्यावर बसला. बाळूचं सांगून झाल्यावर, तुला कळलंच असेल, म्हणाला. तिनं पायाचं विचारलं. मग म्हणाली, एकच न्हवं? तो म्हणाला, एकच. शनिवारी तिनं मुजावरबाईंना सांगितलं, सगळं नीट चाललंय.

खरं सांगितलं असतं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती, म्हणजे लावण दीड महिना पुढे गेली असती. बस्स, एवढंच. उज्ज्वला स्वतःला समजावत होती की पोराचा हिरमोड झाला असता, त्यानं नादच सोडला असता, आपण त्याला सांभाळून घेतलं. निम्मं ते खरंही होतं.

उरलेलं निम्मं तिला आठवड्याभरानं कळलं. लाट आली की ती फोनकडे जायची, पण सावकाश. आधी गिरणीचा पट्टा बघायची, मग डब्यावरच्या चिठ्ठ्या बघायची. रणजितनं धीर धरला आणि लाट नुसतीच ओसरली की तिला चक्क राग यायचा. आणि पुढच्या महिन्यात तीनदा, चारदा, तो नाही धरू शकला. त्यातल्या एका वेळी तिनं सुतारआळीतल्या जोशीकाकूंचं उपासाचं पीठ जोंधळ्याच्या मागोमाग, गिरणी न झाडताच दळून दिलं. सोमवारशिवाय आणि धुतल्या गिरणीशिवाय उपासाचं दळायचं नाही, हा तिच्या वडिलांपासूनचा दंडक. काकूंची संकष्टी मोडली. त्या तावातावानं भांडून गेल्या आणि उज्ज्वला सगळं ऐकताना मनातून फक्त पुढच्या वेळेची वाट बघत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली.

तरी ती शनिवारी काही बोलली नाही.

लावणीला अठरा दिवस राहिले होते. दुपारी लाट आली, चांगली दणदणीत, आणि या वेळी रणजितनंच फोन केला. आवाजात रडू होतं.

"आक्का, ही जाईना बघ. काय करू?"

गिरणी बंद होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिला नीट विचार करायला भरपूर वेळ होता.

"वड एक," ती म्हणाली. "मी हाय न्हवं."

पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला.

रंगपंचमीच्या आधी लावण झाली. पहिले आठ दिवस तो उत्तम होता, जिन्यात न थांबता वर गेला म्हणून स्नेहलनं पेढे वाटले. नवव्या दिवशी ताप आला. चौदाव्या दिवशी त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढला होता आणि मुजावरबाई छातीच्या चित्रात पांढरे डाग दाखवत होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, धूर गेला होता का. उज्ज्वलानं ओठ उघडले, तोच रणजितनं मुखवटा बाजूला केला.

"मी चोरून वडली," तो म्हणाला. "टिकली काढून ठेवायचो. आक्काला काय म्हाईत न्हाई."

स्नेहल खोलीबाहेर गेली. मुजावरबाईही गेल्या. उज्ज्वला त्याच्या उशाशी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली की हे असलं का सांगितलंस. तो थांबत थांबत बोलला. चार शब्द झाले की मुखवटा लावायचा, पुन्हा काढायचा.

ती वड म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यानं टिकली काढून बघितली होती. सकाळी चहा घेतला, अंगणात फिरला, फाउंड्रीतली दोस्तमंडळी समोर विडी ओढत बसली त्यांच्यात जाऊन बसला. तलफच आली नाही. दुपारपर्यंत आली नाही. मग टिकली लावली, आणि दहा मिनिटांत आली.

"माझी सुटली हुती, आक्का. कवाच. शेवटी शेवटी यायची ती तुझी."

वाट दुहेरी होती. तिच्या शांततेसाठी ठेवलेली होती ती, आणि शांतता संपल्यावर त्याच वाटेनं तिची तलफ त्याच्याकडे जात राहिली. भिडूला कधी तलफ येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग काढून का न्हाई टाकलीस ती टिकली?" तिनं विचारलं.

तो जरा हसल्यासारखा झाला. "तू कासावीस व्हायचीस. मला कळायचं की. तुला जन्मात कुणी काय दिलंय गं? दोन झुरक्यानं काय हुतंय, म्हटलं." मग श्वास घेऊन म्हणाला, "स्नेहलला बोलू नगंस ह्यातलं. तुझ्याशी संबंध ठिवायची न्हाई ती."

दोन दिवसांनी, सकाळी दहा वाजता, तो गेला. टिकली तोवर काढलेलीच होती, त्यामुळे उज्ज्वलाला काही जाणवलं नाही. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होती आणि आतून स्नेहलच्या रडण्याचा आवाज आला, त्यावरून तिला कळलं.

तेरावा झाला. पाहुणे पांगल्यावर दोघीच स्वयंपाकघरात भांडी पुसत बसल्या होत्या. स्नेहलच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं, राग होता. ती म्हणाली की सव्वीस वर्षं ह्या माणसानं मला फसवलं, पण तुम्हालासुद्धा फसवेल असं वाटलं नव्हतं. बायको बघितली नाही, घर बघितलं नाही, चार महिने कळ काढायची होती तेवढीसुद्धा निघाली नाही. असला कसला दुबळा माणूस मी करून घेतला, असं म्हणून तिनं हातातला पेला आपटून ठेवला.

उज्ज्वला ऐकत होती. गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. स्नेहलनं तिला जन्मभर मान दिला असता, सणाला बोलावलं असतं, म्हातारपणी दोन घास दिले असते. भावानं मरताना तेवढी सोय करून ठेवली होती. पण ज्यानं आठव्या खेपेला विडी खरोखर सोडली होती, त्याला त्याच्याच घरात दुबळा म्हणत होते, आणि ते पुढे कायमचं म्हणत राहिले असते.

"दुबळा न्हवता तो," उज्ज्वला म्हणाली. "दुबळी मी."

आणि तिनं सगळं सांगितलं. गव्हाचं पोतं सांगितलं, शनिवार सांगितले, जोशीकाकूंची संकष्टी सांगितली, आणि वड म्हणालेली तेही तसंच्या तसं सांगितलं. रविवारचं सांगताना तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. स्नेहल ऐकून घेऊन उठली, पदर खोचला आणि सगळी पुसलेली भांडी एकेक करून फळीवर लावली. मग म्हणाली, तुम्ही आता तुमच्या घरी जावा, आक्का.

मुजावरबाईंनाही उज्ज्वलानं जाऊन सांगितलं. त्या तिच्यावर चिडल्या नाहीत, याचंच तिला वाईट वाटलं. पुढे भिडूची मुदत तीस दिवसांवर आणली गेली आणि दर आठवड्याला भिडूचीही तपासणी सुरू झाली. उज्ज्वलाच्या डोक्यात मात्र जे रुजायचं ते रुजून बसलं होतं. बाईंनी मेंदूचं चित्र काढून पाहिलं आणि म्हणाल्या की तलफ अगदी रणजितच्या घाटाची आहे, तीच चढण, तोच उतार. औषधानं जाणार नाही, भिडू लागेल. उज्ज्वला म्हणाली, मला कोण आहे.

तिनं विडी ओढली नाही. ओठाला लावणं दूरच, गिरणीत कुणी पेटवली तर ती त्याला बाहेर घालवायची. रोज पावणेसातला लाट यायची. ती गिरणीच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि कधीकधी पाच मिनिटं संपण्याआधीच ओरडावंसं वाटायचं. वैशाख गेला, ज्येष्ठही उतरणीला लागला. भावाच्या घरून निरोप नाही, फोन नाही.

आणि एका मंगळवारी, दुपारची, स्नेहल गिरणीत आली. दळणाचा डबा आणला नव्हता. पर्समधून तिनं दवाखान्याची छोटी पेटी काढली आणि पिठाच्या तराजूवर ठेवली. आत दोन टिकल्या होत्या.

"मुजावर मॅडमनी बोलावलं हुतं," ती म्हणाली. "माफ केलं म्हणून आले न्हाई मी, आक्का. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग कशाला आलीस?"

"ह्यांची तलफ तुमच्याकडं ऱ्हायलीय म्हणं. मला कधी बघायलाच मिळाली न्हाई ती."

उज्ज्वलानं मान वळवली, स्नेहलनं तिच्या कानामागे टिकली चिकटवली आणि दुसरी स्वतःला लावली. दोघी गव्हाच्या पोत्यांवर समोरासमोर बसल्या. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना उज्ज्वलानं नंतर या म्हणून सांगितलं. अर्धा तास काहीच झालं नाही.

मग ती आली. उज्ज्वलाला सवयीनं कळलं आणि तिनं समोर पाहिलं. स्नेहलनं आधी पदर चाचपला, मग पर्स उघडली, बंद केली. तिच्या कपाळावर घाम आला. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि पोत्याचा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरून बसली. सव्वीस वर्षं ती ज्या माणसाला मनावर घ्या, मनावर घ्या म्हणत होती, त्याच्याबद्दल तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"एवढी असायची व्हय त्यांना?"

"ह्याच्या दुप्पट," उज्ज्वला म्हणाली. "तुझ्याकडं निम्मीच आलीय."

स्नेहलनं डोळे मिटले. लाट अजून चढतच होती.